ताईच्या नावाची मुंगी

३ मार्च
पोचले एकदाची! जंगलाच्या कडेची ही खोली ताईची होती, आता माझी. टेबलावर तिचा मायक्रोस्कोप, खिडकीत कान तुटलेला तिचा कप. रडू कोसळेल असं वाटलं होतं. उलट घरी आल्यासारखं वाटलं. तिला सापडलेली तांबूस मुंगी कुठल्या जातीची, हे ठरवायच्या आधीच ती गेली. जात नवी निघाली तर नाव ताईचंच देणार. तिच्यामागे दुसरं उरलंय काय?

५ मार्च
वनरक्षक मामांनी ताईची मुंग्या पकडायची नळी जपून ठेवली होती. एक टोक तोंडात, दुसरं मुंगीवर. श्वास ओढला की मुंगी बाटलीत. मुंगी अडवणारी तोंडाकडची बारीक जाळी फाटलीय. माझी नळी नवीकोरी आहे, पण मी हीच वापरते. हिच्यावर ताईच्या दातांच्या खुणा आहेत.

९ मार्च
कमरेला दोन गाठी, पाठीवर आकड्यासारखे काटे. कुठल्याच पुस्तकात बसत नाही ही बया. संग्रहालयातले सर फोनवर म्हणाले की नुसत्या कामकरी मुंग्यांवर भागणार नाही, वारूळ शोधा, राणी आणा. ताईलाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

२० मार्च
वारूळ शोधताना नाकी नऊ आले. ओंडके, दगड, सगळं उलथून झालं. मुंग्या मात्र खोलीतच, ताईच्या उशीवर. आज नळीत एक पंखवाली ओढली, नक्की राणीच. बाटलीत मात्र दिसली नाही. हातची गेली.

२ एप्रिल
खोकला थांबत नाही. मामा दारातच ऐकत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "तुमच्या ताई पण अशाच खोकायच्या."
आम्ही तर दमा समजत होतो. नळी पुन्हा पाहिली. जाळी फाटलेली नाही, कुरतडलेली आहे. तोंडाच्या बाजूनं.

११ एप्रिल
रुमालात पंख. राणी जागा पक्की झाली की पंख टाकते — मामा डॉक्टरला आणायला गेलेत —

१२ एप्रिल
वारूळ सापडलं. ताई रानभर शोधत फिरली, आणि ते तिच्याच — किती एकटी खोकली असेल गं तू. छातीत मुंग्या चालताना कळतं. मामा अजून —

१३ एप्रिल
मामा, मला तशीच सरांकडे पोचवा. राणी आत आहे. आता तरी नाव मिळेल. चिठ्ठीवर ताईचं लिहा, माझं नको, फक्त ता—