गठ्ठ्यावरची चिठ्ठी

प्रिय अक्का,

तुला पत्र लिहायची वेळ आपल्यावर कधी आलीच नव्हती. एका खोलीत, एका चादरीखाली वाढलेल्या आपण, पत्र कशाला लिहायचं? आज लिहितेय, कारण परवा दुपारी नागमणी आली होती. तुझ्या पंचिंगच्या ऑफिसातली नागमणी. ती एक गोष्ट सांगून गेली, आणि तेव्हापासून जी भीती बसलीय ती उठायचं नाव घेत नाही. गेलेल्या माणसाची माफी मागता येते का गं? मागितली तर ती पोचते कुठं?

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. मी ते कधी नीट बघितलंच नव्हतं.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तू सोळा. माझी वेणी, डबा, पाटी, सगळं तुझ्याकडं आलं. आप्पा चादरीच्या कारखान्यात घडी खात्यात. सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. तू मॅट्रिक झालीस, टायपिंग शिकलीस. तुला दोन स्थळं आली होती, ती तू का नाकारलीस हे आपल्या अख्ख्या बोळाला माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं. की होतं, आणि मी माहीत नसल्यासारखं करत होते?

मग तुला ती नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात तू एक वाया गेलेलं कार्ड घरी आणलंस. पोस्टकार्डापेक्षा लांब, पिवळट, एक कोपरा कापलेला आणि अंगभर बारीक चौकोनी भोकं. आप्पांनी ते दारातल्या उजेडात धरून बघितलं.

"ही काय चाळण हाय?"

"आमी मशीनवर बटनं दाबून भोकं पाडतो, आप्पा," तू म्हणालीस. "ही कार्डं खोक्यात भरून गाडीनं पुण्याला जातात. तितं कॉम्प्युटर हाय, तो भोकं वाचतो."

"आन् भोक चुकलं तर?"

"तर तो चुकीचंच वाचंल की. त्याला काय म्हाईत?"

आप्पांनी कार्ड खाली ठेवलं आणि हात धोतराला पुसला. ते म्हणाले, "माणसाला इचारता तरी येतं, बाबा असं का केलंस म्हणून." ते कार्ड त्यांनी घरात ठेवू दिलं नाही.

भीती तुलाही वाटायची, मला माहीत आहे. झोपेत तुझी बोटं उशीवर हलायची. तुला विचारलं तर म्हणायचीस, "स्वप्नात एक आकडा चुकला. कुणाचा ते कळंना." मी हसायचे. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला काय कळतंय!

नव्या दहावीची आमची पहिलीच तुकडी. पुस्तकं नवी, पेपर नवे, निकालही कॉम्प्युटरवर लागणार म्हणून सांगितलेलं. मार्कांचे कागद पंचिंगला तुमच्याच ऑफिसात येणार हे कळलं तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या. तुझा चेहरा मात्र उतरला. दुसऱ्या दिवशी तू मला समोर बसवून सांगितलंस, "सुमे, साहेबांना मी सांगून टाकलंय, माझी बहीण परीक्षेला हाय म्हणून. तुझ्या केंद्राचा गठ्ठा माझ्याकडं येणार न्हाय. शाळेत उगं कुणाला काय बोलू नको."

हे वाक्य मला आजही आठवतं, अक्का. पुढं जे झालं त्या दिवशीही आठवायला हवं होतं!

निकालाच्या सकाळी आप्पांनी पेपर आणला. बारीक आकड्यांच्या रांगा. मी माझ्या नंबरापर्यंत आले आणि पुढच्याच नंबरावर गेले. परत मागं आले. माझा नव्हताच. आप्पांनी बोट ठेवून बघितलं, तूही बघितलंस. नव्हताच. शाळेत गेलो तर बाईंच्या हातातल्या लांबलचक कागदावर माझ्या नावापुढं सगळ्या विषयांचे मार्क होते, आणि गणितापुढं लिहिलं होतं: गैरहजर.

"अगं, पण तू तर माझ्याच डोळ्यांसमोर पेपर लिहिलास!" बाई म्हणाल्या. त्यांनी लगेच अर्ज लिहिला. उत्तर यायला दोन-तीन महिने लागतील, असंही सांगितलं.

दोन-तीन महिने माझ्याकडं कुठं होते? आप्पांनी वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं, पास झालीस तर कॉलेज, न्हायतर वेळापूरचं स्थळ. मुलगा तिशीचा, बिजवर, घरची शेती. त्या मंडळींना निकालाचं कळलं तसा त्यांचा निरोप आला, पुढच्या रविवारी यादी करून टाकू. मी आठ दिवस जेवले नाही. मला नवऱ्याची भीती नव्हती गं. भीती ही होती की मी तीन तास त्या बाकावर बसले, लिहिलं, बोटाला शाई लागली, आणि तरी मी तिथं नव्हते. कुणीतरी तसं म्हणत होतं आणि त्याच्याशी भांडायला त्याला तोंडच नव्हतं. आरशात बघायचीसुद्धा भीती वाटायची. मी खरंच गेले होते ना पेपरला?

त्या आठ दिवसांत तू काय करत होतीस, हे मला परवा कळलं.

शनिवारी तू भर दुपारी घरी आलीस. आप्पांना सुट्टी होती. तू एक टाईप केलेलं पत्र त्यांच्यापुढं ठेवलंस. साहेबांनी पुण्याला पाठवलेल्या पत्राची नक्कल होती ती. माझ्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पंच करताना उलटे पडले होते. माझे गणिताचे मार्क, शंभरातले चौऱ्याहत्तर, भलत्याच नंबरावर गेले होते, आणि तो नंबर कुणाचाच नव्हता. चूक मान्य आहे, दुरुस्ती व्हावी. आणि खाली लिहिलं होतं की संबंधित मुलीला कामावरून काढलं आहे. तिथं तुझं नाव होतं.

आप्पांनी ते दोनदा वाचलं.

"म्हंजे तूच?"

"व्हय."

"घरच्या पोरीनं घरच्या पोरीचा गळा कापला?"

आप्पा कागद खाली टाकून बाहेर निघून गेले. तेव्हा मी बोलले. काय बोलले ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. इथं लिहायलाही हात मागं येतोय. मी म्हणाले, "तुझं लग्न झालं न्हाय, तुला कॉलेज मिळालं न्हाय, म्हणून मलाबी मिळू नये असंच तुला वाटत हुतं. तू मुद्दाम केलंस."

तुझा चेहरा मला आठवत नाही, कारण मी बघितलाच नाही. एवढंच आठवतं की तू पिशवीतून कागद काढलास आणि म्हणालीस, "कॉलेजचा फॉर्म आणलाय. भरून ठेव."

यादी पुढं ढकलली, मग मोडली. दुरुस्त निकाल आला. मी कॉलेजात गेले. तू घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायला लागलीस. आप्पा तुझ्याशी कामापुरतं बोलायचे. मी तर त्याहून वाईट होते. मी तुझ्याशी गोड बोलायचे आणि माझी वही-पुस्तकं तुझ्यापासून लांब ठेवायचे. चार वर्षं! तुला ते दिसत नव्हतं का? एकदा तरी ओरडायचंस ना माझ्यावर. एक थोबाडीत द्यायची होतीस. एवढं गप्प का राहिलीस गं?

कावीळ झाली तेव्हाही तू गप्पच. पिवळे डोळे झाले तरी "उन्हाचं हाय" म्हणत राहिलीस. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसून होते आणि मला सारखं वाटत होतं की तू काहीतरी सांगणार. तू पाणी मागितलंस. तेवढंच.

परवा नागमणी आली, सोबत तिची पाच वर्षांची मुलगी. नागमणी दारातच बसली, आत येईना. तेलुगू वळणाच्या तिच्या मराठीत म्हणाली, "सुमन, मी अक्काला शेवटचं बघायला पण आले नाही. तोंड नव्हतं मला."

मग तिनं सांगितलं. आमच्या मार्कांचं पंचिंग चाललं होतं त्या आठवड्यात तिच्या या मुलीला गोवर निघाला होता. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. दिवसभर पंचिंग, आणि घरी गेलं की तापलेलं लेकरू. एका दुपारी मशीनवरच तिला डुलकी लागली. कार्डं दुसऱ्या मुलीनं पुन्हा बटनं दाबून तपासायची, हा नियम; पण खोकी गाडीवर घालायची घाई म्हणून तो गठ्ठा न तपासताच गेला. प्रत्येक गठ्ठ्याची एक चिठ्ठी ऑफिसात राहायची, पंच करणारीच्या सहीची. माझ्या गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर नागमणीची सही होती.

तू ते आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसून मार्कांचे कागद उलटत होतीस. माझा नंबर सापडला. मग चिठ्ठी सापडली. साहेबांनी आधीच बजावलं होतं, चूक आपली निघाली तर पंच करणारीला त्याच दिवशी कामावरून काढीन. नागमणी त्या दिवशी गोवरातून अजून न सावरलेल्या मुलीला घेऊन दवाखान्यात होती. तू ती चिठ्ठी फाडलीस, दुसरी लिहिलीस, आणि खाली तुझी सही केलीस.

"साहेब लई चिडला म्हणे," नागमणी म्हणाली. "बहिणीचा गठ्ठा घ्यायचा नाही सांगितलं होतं, तरी कसा घेतला? मार्क बदलायला घेतला काय? पोलिसात देतो म्हणाला. तासभर तिला उभं केलं. शेजारच्या मुली सांगत होत्या, अक्काचे पाय कापत होते, पण बोलणं एकच: गठ्ठे साठले होते, मी उचलला, माझी चूक."

पोलिसात! अक्का, रस्त्यावर शिपाई दिसला तरी तू माझा हात घट्ट धरायचीस.

"मी दोन दिवसांनी कामावर गेले तर ही गेलेली," नागमणी रडत होती. "तुमच्या बोळाच्या नळावर येऊन गाठलं तिला. म्हणाले, मी साहेबाला खरं सांगते. तर म्हणाली, 'येडी हायस काय? माझ्या घरात आप्पा कमावतात. तुझ्या घरात कोण हाय? गप बस आन् पोरगी सांभाळ.' मी गप बसले, सुमन. घाबरून गप बसले. चार वर्षं."

तिला मी काय दोष देणार? मला सगळं समजायला हवं होतं की! माझा गठ्ठा तुझ्याकडं येणारच नाही, हे तू मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतंस. त्या शनिवारी एकदा, फक्त एकदा, मी ते आठवलं असतं तर? मी आठवलं नाही. टाईप केलेल्या कागदावर तुझं नाव होतं, ते मी खरं मानलं. ज्या बहिणीनं मला दहा वर्षं भरवलं ती समोर उभी होती, तिच्याकडं मी बघितलंच नाही. पुण्याच्या त्या यंत्राला माणूस दिसत नाही म्हणून आप्पा घाबरत होते. मला तर डोळे होते, अक्का.

आता खरी भीती सांगते. नागमणी आता तिथं मोठ्या जागेवर आहे. तिच्या ऑफिसात नवं मशीन येतंय, कार्डांशिवाय चालणारं. आकडे समोरच्या काचेवर उमटतात म्हणे. त्यावर बसायला मुली हव्यात. ती मला बोलवायला आली होती. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या दिवसापासून माझीच बोटं मला परकी वाटतात. कुठल्या तरी गावात एखादी सुमी पेपरातला आकडा शोधत असेल आणि तो माझ्या बोटाखाली उलटा पडला असेल, तर?

आणि त्याहून मोठी भीती आप्पांची. तू गेल्यापासून ते बोलत नाहीत. छातीत दुखतं म्हणतात. तुझी चूक त्यांनी पोटात घातली, असं ते स्वतःला समजावत असतील. मी त्यांना सांगायचं, की पोटात घालण्यासारखं काही नव्हतंच? की चार वर्षं आपण दोघांनी एका निर्दोष पोरीला शिक्षा दिली? ते सोसतील का? गप्प राहावं, असं मला वाटलं. दोन दिवस वाटलं. आज नागमणीलाही गाठून विचारलं, आप्पांना सांगू का? ती म्हणाली, "सांग. माझं नाव घेऊन सांग. मी पण येते पाहिजे तर."

तर अक्का, वचन देते. उद्या आप्पा अंघोळ करून बसले की मी त्यांच्यापुढं बसणार. आधी माझं बोलणं सांगणार, त्या शनिवारचं, शब्द न् शब्द. मग तुझं सांगणार. ते रडले तर त्यांना धरून बसेन, ओरडले तर ऐकून घेईन. मग दोघं मिळून नागमणीच्या घरी जाऊ आणि मी तिला म्हणेन, येते मी कामाला. घाई असो की काही असो, माझ्या हातून गेलेला एकही आकडा दुसऱ्या कुणी बघितल्याशिवाय मी पुढं जाऊ देणार नाही. हे साहेबाला पहिल्याच दिवशी सांगीन. पाय कापतील. कापू देत.

तुझी,
सुमी