उशिरा आणलंत

९ नोव्हें., रविवार
म्हणे सुट्टी. आठवडाभर मंचरला बाळंतपणं करायची आणि रविवारी संशोधन. बाळ मेलेलंच जन्मलं, अशा बायकांच्या मुलाखती. हौस माझीच.
आज कळंब. सुनीता, चोवीस वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिचं सिझर मीच केलेलं. तिनं ओळखलं नाही, तेव्हा तोंडावर मास्क होता. सासूबाई शेजारी ठाण मांडून. नेहमीची युक्ती केली, चहा मागितला. त्या आत गेल्या तशी सुनीता बोलायला लागली.
"डॉक्टरीणबाई म्हणल्या, उशिरा आणलंत. सासूबाई अजून म्हणत्यात, तूच कळा लपवल्या. म्या न्हाई हो लपवल्या."
रेकॉर्डर चालू. मधे बोलायचं नाही, हा नियम. मान हलवत राहिले. चहा गोडमिट्ट होता, सगळा प्यायले.

१० नोव्हें.
'उशिरा आणलंत.' मी सगळ्यांनाच म्हणते. दमलेली असले की जास्तच.
जेवणाच्या सुट्टीत जुना केसपेपर काढला. भरती सकाळी साडेनऊ, बाळाचे ठोके चांगले. अकराला सिझर ठरलं. भूल देणारे डॉक्टर आले दीडला. तोवर ठोके...
उशीर तिचा नव्हताच. आमचा होता. खाली सही माझी.

१३ नोव्हें.
गाईड सरांना फोन. "तुम्ही मुलाखत घ्यायला गेला होतात, कबुली द्यायला नाही. तिचा फॉर्म बाजूला काढा, पुढची केस घ्या." बरोबरही असेल.
आज ओतूरकडची एक खरोखरच उशिरा आली, बाळ पोटातच गेलेलं. तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. तिचा नवरा हमसून रडत होता, मला काहीच वाटलं नाही. याचीच भीती वाटते.

१६ नोव्हें., रविवार
पुन्हा कळंब. रेकॉर्डर घरीच. पर्समध्ये केसपेपरची झेरॉक्स, खाली मराठीत वेळा लिहिलेल्या.
"आता आनिक काय इचारायचं ऱ्हायलं, म्याडम?" सुनीता म्हणाली.
सासूबाई सवयीनं उठल्या. "च्या ठेवते."
"नको," म्हटलं. "बसा. तुम्हीही ऐकायचंय. ती डॉक्टरीण मीच."
कागद पुढे केला. सासूबाईंनी उलटसुलट करून पाहिला आणि सुनेच्या हातात दिला. "वाच गं, मोठ्यांदी."
वाचलं तिनं. दीडपाशी थांबली. परत साडेनऊवर गेली. मग माझ्याकडे पाहिलं.
पुढचं आज लिहवत नाही.