भाडेकरीण ऐकतेय

सोमवार, ३ मार्च

सगळ्यांत आधी टपकली ती धाकटी जाऊ. सामानाचा टेम्पो यायच्या आधीच बाईसाहेब खोलीत हजर, आणि पंख्याचं बटण कुठलं ते मलाच दाखवतायत! मग मुलगा, सूनबाई, आणि शेवटी नात, हातात ही वही घेऊन. म्हणाली, आजी, आम्ही नसताना तू भिंतींशी बोलणार, त्यापेक्षा वहीशी बोल. आगाऊ कार्टी. माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर तोंडाने म्हटल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. मघाशी झाडणारी बाई डोकावून गेली, म्हातारी एकटीच कुणाशी बोलतेय म्हणून.

खोली झकास आहे. इस्पितळाच्या समोरच, तिसरा मजला, लिफ्ट, गरम पाणी. खिडकीची काच तेवढी उघडत नाही, पण ऊन भरपूर. पोटातल्या गाठींचं औषध घ्यायचं म्हणजे सारखी जा-ये, म्हणून मुलाने ही भाड्याने घेतली. निघताना सगळ्यांना दारात अडवलं. आता परत कधी, हे वदवून घेतल्याशिवाय मी पाहुण्याला उंबरा ओलांडू देत नाही, जुनी खोड आहे माझी. रविवारी येतो म्हणाले. लिहून ठेवलं.

गुरुवार, ६ मार्च

पहिलं औषध झालं. मी उगीच घाबरले होते. पाण्यासारखं नितळ औषध, पिशवीतून थेंब थेंब हातात उतरतं, आपण आपलं आढ्याकडे बघत पडायचं. नर्सला मी चिमणी म्हणते, एका जागी ठरत नाही आणि तोंडाची टकळी माझ्यासारखीच. दुखणं बीजकोशात सुरू झालं आणि पोटभर पसरलंय, कापून सगळं निघायचं नाही, पण औषधाने गाठी आटतील, असं डॉक्टर म्हणाला. डाव्या बरगडीखालची एक तर माझ्या हाताला लागते. तिचं नाव मी भाडेकरीण ठेवलंय. भाडं नाही, डिपॉझिट नाही, आणि वर पाय पसरतेय! दुपारी आडवी झाले की पोटावर हात ठेवून तिला बजावते, बाई गं, आज हे औषध आलं, पुढचं अमक्या वारी येणार, बाडबिस्तरा आवर. चिमणी हसून हसून बेजार झाली. गंमत म्हणजे मी बोलायला लागले की तिचा ठणका थांबतो.

मंगळवार, ६ मे

केस गेले. जाऊ म्हणाली, तुझं डोकं इतकं गोल असेल असं वाटलं नव्हतं. तिला काय बोलावं याचा पोच कधी नव्हताच. पण जाऊ दे, आज आनंदाचा दिवस! स्कॅनमध्ये गाठी निम्म्या झाल्यात. डॉक्टर चक्क हसला. आल्या आल्या भाडेकरणीला सांगितलं, हरलीस गं. पुढची औषधं कधी, कुठली, तेही सगळं ऐकवलं. बोलत होते तोवर पोटात चिडीचूप. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नाही हो आयुष्यात, नवऱ्याने तर नाहीच नाही.

मंगळवार, ८ जुलै

गाठी पुन्हा वाढल्यात. डॉक्टरने समजावून सांगितलं. औषधाने दुबळ्या पेशी मरतात, चिवट तेवढ्या मागे राहतात. औषध आत शिरलं की त्या ते बाहेर उपसून टाकतात. त्यांची पिलावळही तसलीच निपजते. म्हणून आता लाल औषध द्यायचं. मी विचारलं, त्यांना कळतं कसं? तो म्हणाला, आजी, त्यांना काही कळत नाही, त्यांना ना मेंदू ना कान, ज्या तगतात त्या उरतात, बस.

मी मान डोलावली. खोलीवर येऊन सवयीने पोटावर हात ठेवला आणि सांगितलं, परवा लाल औषध येतंय हं.

हाताखाली ती आवळली. मुठीसारखी.

गुरुवार, ४ सप्टेंबर

लाल औषधही चाललं नाही.

रक्तातली ताकद उतरलीय, बाहेर जायला बंदी. येणारे तोंड झाकून दारातूनच बोलतात. दिवसभर मी आणि ती.

मीच सांगत आले ना सगळं. कुठलं औषध, कुठला वार. ती आधीच तयार होऊन बसायची.

आता एकच औषध उरलंय. नवीन. ते वाया गेलं तर पुढे काही नाही. मी डॉक्टरला म्हटलं, वार मला सांगू नका. मुलाला म्हटलं, अचानक ये आणि घेऊन जा. बरं आई, म्हणाला आणि तोंड फिरवलं. त्यांना वाटतंय माझं डोकं फिरलं. वाटू दे.

आजपासून बोलणं बंद.

शनिवार, ६ सप्टेंबर

मी आणि गप्प! सुई टोचायला खोलीवर आलेल्या चिमणीने विचारलं, घसा बसला का. मान हलवली.

गप्प राहिले की ती ठणकते. बोल ना, बोल ना, असं. पळून जावं तर कुठे — दार उघडलं की तीही माझ्याबरोबर बाहेर येणार.

रविवार, ७ सप्टेंबर

आत्ता ध्यानात आलं. लिहिताना मी तोंडाने म्हणते. म्हणजे हे सगळं — पहिल्या पानापासून — तिने —

वही बंद.

मंगळवार, ९ सप्टेंबर

ओठ दातांत धरून लिहितेय. लिहिलं नाही तर फुटेन.

सगळे येऊन गेले. खुशीत होते. निघाले, आणि मी — मेली ती खोड — विचारून बसले, आता परत कधी. मुलगा चपला शोधायला लागला. पण नात बोलून गेली. आजी, अमक्या वारी, तुला न्यायला, नवीन औषध आलंय —

माझ्या कानांनी ऐकलं. तिला कान नाहीत. डॉक्टर म्हणाला ना. कान नाहीत.

ठणका थांबलाय.

तो वार लिहायचा नाही. ओठ मिटलेत. घट्ट. तरी कुणीतरी अक्षर म्हणतंय — बरगडीखालून — माझ्याच आवाजात — आणि हात पुढे सरकतोय —

शु

क्र

वा —