एकशे सदतिसाव्या वर्षाचं पान

निवृत्त उपग्रहाला चालत्या उपग्रहांच्या वर ढकलून ठेवतात, ती कक्षा दोनशे वर्षं टिकेल का? मला सांगता येत नाही. माझ्या गणितातला एक कल्पित उपग्रह मात्र चंद्र-सूर्याच्या ओढीनं एकशे सदतिसाव्या वर्षी पुन्हा चालत्यांच्या वाटेत उतरतो.

मी, कौसर जब्बार शेख, वय चोवीस, राहणार सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीनं हे मृत्युपत्र लिहिते. प्रकृती ठणठणीत आहे. अब्बा गादी भरता भरता म्हणाले, "काऊन वं, मरायले चालली का तू?" अब्बा, उपग्रहाचंही शेवटच्या धक्क्यापुरतं इंधन तो चालू असतानाच राखून ठेवावं लागतं. संपल्यावर त्याला कोणी हलवू शकत नाही.

आमच्या शरियतप्रमाणे मृत्युपत्रानं फार तर तिसरा हिस्सा देता येतो, तोही वारसांना नाही. म्हणून लॅपटॉप आणि शिलाई मशीन अम्मी-अब्बांकडे आपोआप जातील.

सायकल फलकला. ती एम.एस्सी.ला माझ्या एक वर्ष मागे आहे. माझा भाऊ मतीन याला नाही. "आपा आभायातलं भंगार मोजून राह्यली," असं तो चौकात सांगत फिरला. फलकच्या चाकात हवा मात्र त्यानंच भरायची.

माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचे मार्गदर्शक उद्धव सर यांना त्यांनीच दिलेलं खोडरबर, न वापरलेलं. सर म्हणाले होते, "नियमात शंभर वर्षंच वर राहायचं आहे ना? पुढचा आलेख खोडून टाक बाई. तवा कोण पाहायले येते?" खोडला नाही तर सही नाही, सहीविना एम.एस्सी.ची पदवी नाही. सर, तेव्हा जे येतील त्यांच्याच वाटेत तो उतरणार आहे.

प्रकल्पाची मूळ वही या मृत्युपत्रात नाही. जिवंतपणी दिलेली वस्तू ताबा दिला की दिलीच. काल खामगावला कॉलेजात प्रकल्पाची प्रत आलेखासकट जमा केली. सहीची जागा कोरी आहे. तिथून निघून वही फलकच्या हातात दिली. आता ते पान खोडायचा हक्क मलाही नाही.

सोनाळा, १४ मार्च २०२५
कौसर जब्बार शेख

साक्षीदार:
१. पुष्पांजली दयाराम इंगळे, वर्गमैत्रीण
२. सकलैन खान, शेजारी (दोनदा वाचून सही केली)

वही मिळाली. सगळी पानं मोजून घेतली.
फलक