दगड तो दगड नसतो

बाबा, तू म्हणायचास, "दगड तो दगड." नसतो. आधी हे सांगतो, मग बाकीचं.

सातवीत शाळा सोडून तुझ्यासोबत चिरेखाणीत आलो, तेव्हा एकच विचारलं होतं. एकाच चिऱ्यात लाल, पिवळं, जांभळं कुठून येतं? टिकाव न थांबवता तू म्हणालास, "शाळेत होतंस तेवा झोप काढलंस, आनि आता हय शाळा मांडतंस? हात चालय." सगळे हसले. त्या रागात मी ताजे कापलेले ओले चिरे टेंपोत भरले. कुडाळला पोचेपर्यंत कोपरे ढासळले. "चिऱ्याक वारो लागाक व्हयो रे, मगे तो घट्ट होता," तू म्हणालास, आणि उरलेला एकेक चिरा टिकावाच्या दांड्याने वाजवून, कान लावून बाजूला काढत बसलास. वारा लागून घट्ट का होतो, ते नाही सांगितलंस. तुला ठाऊकच नव्हतं. म्हणून चिडायचास.

तू जाऊन आठ वर्षं झाली, आता ऐक. मी राजस्थानात ग्रॅनाइटला पॉलिश मारतो. लादी चकचकीत झाली की दिसतं, दगड एकटा नसतोच. काचेसारखी ती गारगोटी, गुलाबी ते फेल्डस्पार, काळं चमकतं ते अभ्रक. ही सगळी खनिजं. जमिनीत खोल, तापलेला रस सावकाश निवताना त्यांचे दाणे एकमेकांत अडकले, त्याचा हा दगड. आपल्या चिऱ्याचा जांभा उलटा. पावसाने कातळातलं बाकीचं धुऊन नेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तुझा लाल रंग म्हणजे गंज, बाबा. वाऱ्याने सुकला की तोच गंज चिऱ्याला बांधून ठेवतो. हे मी मोबाइलवर वाचलं, झोपा काढणाऱ्या तुझ्या पोराने.

आई फोनवर म्हणते, "खाण बंद पडली आसा, घरात मी एकटीच, येतंस मा?" नाही येत. आज सुपरवायझरने दोन ठोकळे दाखवले. म्हणाला, मशीनवर कुठला फुटेल ते ओळखलंस, तर उद्यापासून दगड निवडायच्या कामावर. दोन्ही सारखेच. वाचलेलं एक अक्षर कामाला येईना. मग हातोडीच्या दांड्याने वाजवले, कान लावला. एक खणखणला, दुसरा बद्द वाजला. बद्द वाजला तोच फुटला.

"किसने सिखाया?"

"किसी ने नहीं," मी म्हटलं.

हे पत्र कुठे टाकणार? हत्यारांच्या पेटीत राहील. दगडाबद्दल तुझं मी अजूनही ऐकणार नाही. पण सुपरवायझरला दिलेलं उत्तर खोटं होतं.