तड्याचा स्पष्ट फोटो

बुधवार, ३ जुलै २०२४

लिहायला बसण्याचं कारण एकच. हॉलच्या छताला तडा गेला आहे आणि माझ्या मोबाईलचा कॅमेरा फोकस करत नाही.

सोसायटीची सेक्रेटरी मी. तक्रारीसोबत तक्रारदाराने स्वतःच्या मोबाईलवर काढलेला स्पष्ट फोटो हवा, नसेल तर तक्रार परत, हा नियम नऊ मीच केला. लोक दुसऱ्याच बिल्डिंगमधल्या गळतीचे फोटो फॉरवर्ड करायचे. नियम झाल्यापासून तक्रारी जवळजवळ बंद. याचा अर्थ बिल्डिंग सुधारली.

तडा ह्यांच्या खुर्चीच्या बरोबर वर आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर ह्यांना उठता येतं ते त्या एकाच उंच खुर्चीतून.

रविवारी चौदाला मीटिंग. त्याआधी फोटो होईल. मी बी.एस्सी. फिजिक्स आहे. कॅमेरा म्हणजे शेवटी भिंगच.

गुरुवार, ४ जुलै, सकाळी

पद्धतशीर सुरुवात. लेन्स मऊ कापडाने पुसली. फोन बंद करून चालू केला. अपडेट घातलं. स्क्रीनवर तड्यावर बोट ठेवलं. चौकोन हिरवा होतो, चित्र पुढे-मागे होतं आणि मग नुसतं धुकं. पंख्याचं पातंसुद्धा ढगासारखं.

फोनची हयगय झाली असं कोणी म्हणू नये. गेल्याच महिन्यात पाकिटासारखं उघडणारं कव्हर घेतलं. झाकण पिशवीत उघडायचं, म्हणून जुन्या स्पीकरमधल्या चुंबकाचे दोन तुकडे चिकटवले. एक झाकणाला, एक मागे वरच्या कोपऱ्यात. फोटो काढताना झाकण मागे दुमडलं की टप्पकन बसतं. कव्हर बनवणाऱ्यांना हे सुचलं नाही.

शनिवार, ६ जुलै

अंबरनाथला सुजितच्या दुकानात. मोबाईल रिपेअरिंगमध्ये नाव आहे म्हणतात. कव्हर आधीच काढून पर्समध्ये ठेवलं. दुकानात वस्तूंची अदलाबदल होते.

सुजितने समोरच्या पाटीचा फोटो काढला. अक्षर न् अक्षर स्वच्छ. म्हणाला, मॅडम, कॅमेरा एकदम ओके आहे, तुम्ही उगाच टेन्शन घेताय. मी म्हटलं, टेन्शन कोणी घ्यायचं ते मला ठरवू द्या.

घरी आले, कव्हर घातलं, फोटो काढला. धुकं.

निष्कर्ष: घरातला उजेड कमी पडतो.

सोमवार, ८ जुलै

टेबललॅम्प वर धरून पाहिला. फरक नाही. उजेड निर्दोष.

छतातून बारीक चुरा पडतो. हे म्हणाले, आज चहात सिमेंट जास्त झालंय. खुर्ची थोडी सरकवू का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. खुर्ची जागची हलली तर आधीच्या आणि नंतरच्या फोटोंची तुलना कशी करणार? हे म्हणाले, मग खुर्ची राहू दे, मी हललो तर चालेल? चालेल म्हटलं, पण फोटोच्या वेळी बसा. माणूस असला की तड्याच्या लांबीचा अंदाज येतो.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा कमलेश आला. गेल्या वर्षी त्याने हॉलची फरशी दबते अशी तक्रार केली होती. फोटो धूसर होता, नियमाप्रमाणे परत केली. आज म्हणाला, आंटी, आता तर पाय ठेवला की कुरकुरते. मी काढू का माझ्या फोनने तुमच्या तड्याचा फोटो? दोन सेकंदांचं काम. मी नियम नऊ वाचून दाखवला. म्हणाला, नियम तुम्हीच केला ना, तुम्हीच बदला. नियम मीटिंगमध्येच बदलतो. मीटिंग रविवारी आहे.

त्याच्या तक्रारीचा आणि या तड्याचा संबंध नाही. ती त्याची फरशी होती. हे माझं छत आहे.

बुधवार, १० जुलै

सुजितला कॅमेराच बदलायला लावला. तो नको नको म्हणत होता, गरज नाही म्हणत होता. दुकानदार असून काम टाळतो. बदलल्यावर पुन्हा त्या पाटीचा फोटो, पुन्हा स्वच्छ. घरी कव्हर घातलं. धुकं. नवा कॅमेरासुद्धा खोटा निघाला.

तडा पंख्याच्या हुकापर्यंत पोचला. पंखा बंद ठेवला आहे. दुपारी ह्यांना खुर्चीत डुलकी लागते तेव्हा मी समोर बसून श्वास ऐकते. माझं वय झालं, दुसरं काही नाही.

शुक्रवार, १२ जुलै, संध्याकाळी

नीट क्रमाने लिहिते.

दुपारी पुन्हा अंबरनाथला गेले. सुजित म्हणाला, मॅडम, आता मी स्वतः येतो तुमच्या घरी. मी म्हटलं, गरज नाही.

परत आले तर जिन्यात माणसं. दार उघडलं. हॉल पांढरा. छताचा मोठा तुकडा खुर्चीवर. एक हात मोडून बाजूला. खुर्चीचा हात.

हे दिसेनात. हाक मारली. पुन्हा मारली. मग हातांनीच ढेकळं उचलायला लागले. किती वेळ ते माहीत नाही.

मागून कमलेश आला. म्हणाला, आंटी, आंटी, काका खाली आहेत, गेटवर. जेवण झाल्यावर ह्यांनीच त्याला फोन करून बोलावलं होतं. एकेक पायरी करत त्याने खाली नेलं.

खाली गेले. हे वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मला पाहून म्हणाले, आला का फोटो?

वर गेले. ढिगाऱ्यातून गंजलेली सळई बाहेर आली होती. तिचा फोटो घ्यायला फोन जवळ नेला, तर टप्पकन आवाज झाला आणि कव्हर सळईला जाऊन चिकटलं. ओढलं तेव्हा फोन हातात आला, कव्हर सळईवरच राहिलं. फोटो काढला. गंजाचा कण न् कण दिसतो.

कव्हराकडे बघत उभी राहिले.

कॅमेऱ्याचं भिंग आत चुंबकानेच हलतं, आणि माझं चुंबक त्याच्या अगदी शेजारी. दोष कॅमेऱ्यात नव्हता. सुजितने पहिल्याच दिवशी कव्हर मागून घ्यायला हवं होतं.

रविवार, १४ जुलै

मुक्काम मुलीकडे, बदलापूर, बेलवली. भारतीने ह्यांच्यासाठी उंच खुर्ची आणून ठेवली आहे. भिंतीला लागून.

मीटिंग गेटवर झाली. इंजिनिअरने आमचं आणि कमलेशचं घर रिकामं करायला सांगितलं आहे. मी तक्रार मांडली, सोबत सळईचा फोटो. कोणीतरी म्हणालं, यात तडा कुठे दिसतोय? बरोबर आहे. तडा आता नाही.

नियम नऊ रद्द. विरोधात कोणी नाही. मी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही, पर्स धरली होती. नवा सेक्रेटरी कमलेश. गेल्या वर्षीच्या तक्रारीबद्दल तो काही बोलला नाही. मीही नाही.

त्याच्या ताब्यात दिलं: सोसायटीचा शिक्का. टेरेसची किल्ली. मीटर रूमची किल्ली. आमच्या घराची किल्ली, इंजिनिअरसाठी.

पोच म्हणून त्याने फोटो काढून ठेवा म्हटलं. माझ्याच फोनवर काढला. स्पष्ट आला.