उघडायचे वेगळे

३ मार्च, मंगळवार

स्क्रीन खोटं बोलते आहे. प्लेटलेटच्या पिशवीची मुदत एक दिवस पुढची दाखवते. बोटांवर मोजलं म्हणून कळलं, नाहीतर शिळी पिशवी आज वॉर्डात गेलीच होती.

दुरुस्त कोण करणार? आमच्या रक्तपेढीचा प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते गृहस्थ डिसेंबरात गेले. एकट्याची कंपनी, त्यांच्याबरोबरच संपली.

पण कोडची मोहरबंद प्रत एका मध्यस्थ कंपनीकडे आहे. बनवणारा उरला नाही तर ती आम्हाला मिळावी, एवढ्याचसाठी. पेढीच्या प्रमुख डॉक्टरांच्या मागे लागून तो करार मीच करवला. दरवर्षी सांभाळायचे पैसे भरतो. उद्या फोन करते.

४ मार्च

मध्यस्थांचा माणूस फार गोड बोलतो. "मॅडम, भरलेत ते सांभाळायचे. उघडायचे वेगळे." अर्जाचं शुल्क, छाननीचं शुल्क, आणि मूळ मालकाला नोटीस पाठवायची, तिचंही.

"अहो, ते वारले."

"हो, पण नोटीस द्यावीच लागते ना."

सगळं करारात आहे म्हणे. बारीक अक्षरांत!

डॉक्टर म्हणाले, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." माझ्याकडे न बघता.

आईला सांगितलं. ती दुकानात इस्त्री फिरवत होती. "मग मीही गिऱ्हाइकांना सांगते, इस्त्रीचे झाले, कपडे परत न्यायचे वेगळे." हसले. नंतर हसू येईना — तिला वाटतं, शिकलेल्या माणसाला कुणी फसवत नाही.

९ मार्च

प्रत्येक पिशवीवर हातानं तारीख घालते. सुटीच्या दिवशीही जाते. दुसऱ्या पाळीचा तंत्रज्ञ स्क्रीनवरच भिस्त ठेवतो — "ताई, मशीन चुकतं का कधी?" घरी आल्यावर त्याला दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा उचललाच नाही.

१३ मार्च

त्या गृहस्थांच्या पत्नीचा फोन. नोटीस पोचली. नवऱ्याच्या नावानं — हरकत असल्यास कळवा.

"त्यांनी आता कसली हरकत घ्यायची, गं?"

मी माफी मागत राहिले. त्याच मला समजावू लागल्या. "तुझं काय चुकलं? ते या लोकांना ओळखून होते. म्हणायचे, यांच्या हाती माझं काम उघडं द्यायचं नाही."



१८ मार्च

डॉक्टरांनी पैसे भरले. नव्या शीतपेटीसाठी ठेवलेल्यातून. "निघू दे बाई आता तुझ्या त्या पाकिटातून काहीतरी."

धास्तावून मध्यस्थांना विचारलं, आतलं नीट आहे ना? "मोहरबंद आहे, मॅडम. आम्ही हात लावत नाही. तपासून घ्यायची सोय होती, तुम्ही घेतली नाहीत." खरं आहे. करार करताना डॉक्टरांनी ती ओळ खोडली होती. तिचे वेगळे होते.

२४ मार्च

काही नाही. आजही स्क्रीन एक दिवस पुढेच.

३१ मार्च

पाकीट आलं. मोहर शाबूत. आत पेन ड्राइव्ह, त्यात एकच फाइल. पासवर्ड मागते आहे.

त्यांच्या पत्नीला फोन लावला.  त्या म्हणाल्या, "मलाही नाही सांगितला."

तारखा घालायचं पेन उचललं. आजच्या पिशव्या राहिल्यात.